पोच मिळेपर्यंत

पाऊस सरला, हवा धुतल्यासारखी झाली की सिंहगडावरून राजगडाचा बालेकिल्ला स्वच्छ दिसतो. सरळ रेषेत मोजलं तर मधलं अंतर साधारण १५ किलोमीटर. आता समजा, दोन्ही गडांवर एकेक लॅपटॉप आहे आणि इकडच्या लॅपटॉपमधला १०० किलोबाइटचा एक फोटो तिकडच्या लॅपटॉपमध्ये जायला हवा. सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. प्रत्येक लॅपटॉपच्या यूएसबीला बोटाएवढं एक रेडिओ मॉड्यूल जोडलेलं आहे आणि त्यावर वीतभर अँटेना. फोटो जाईल?

जाईल. असं मॉड्यूल हवेत २५ मिलिवॅट एवढी शक्ती सोडतं. आपल्या घरातला शून्याचा बल्ब १५ वॅट खातो. त्याचा हा सहाशेवा हिस्सा. तेवढ्यावर गणित नीट जुळतं, कारण दोन गडांच्या मध्ये फक्त दरी आहे. प्रश्न उरतो वेळेचा. वेगवान सेटिंग ठेवलं तर फोटोला अडीच मिनिटं लागतात आणि सगळ्यात सावकाश सेटिंगवर पाऊण तासाहून जास्त. याच सावकाश वेगाने एक गिगाबाइटचा सिनेमा पाठवायला बसलं तर वर्ष उलटून जाईल.

एवढा हळू रस्ता आज कुणाला हवा आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण या रस्त्यावर मध्ये कुणीच नाही. टॉवर नाही, कंपनी नाही, महिन्याचं बिल नाही. टोकाची दोन माणसं आणि मधली हवा. आणि या हवेतून एकही अक्षर न बिघडता फाइल पलीकडे पोचवण्याची जी रीत माणसांनी बसवली, ती समजून घेण्यासारखी आहे. तिचा जीव एका साध्या गोष्टीत आहे, आणि तिला मराठीत नेमका शब्द आहे: पोच. जुन्या पत्रांत ‘पत्राची पोच द्यावी’ असं शेवटी लिहायचे, तीच ही पोच.

लॅपटॉप या मॉड्यूलशी बोलतो ती सिरीयल जोडणीने, आणि ही जोडणी मुळात एकेरी रांग आहे. संगणकातलं इंग्रजीचं प्रत्येक अक्षर आठ बिटांचं (एका बाइटाचं), म्हणजे शून्य-एकच्या आठ खुणांचं असतं. या खुणा एकामागून एक, एकाच तारेतून जातात. अक्षर सुरू झालं हे कळावं म्हणून पुढे एक खूण आणि संपलं हे कळावं म्हणून मागे एक. म्हणजे एका अक्षरामागे दहा. त्यामुळे ९६०० बॉडचा वेग म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. आरएस-२३२ नावाचं याचं मानक १९६० सालचं आहे. साठी उलटून गेली तरी ते निवृत्त झालेलं नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यात, दूध संकलन केंद्रातल्या फॅट मोजण्याच्या यंत्रात, कारखान्यातल्या सीएनसी मशीनच्या पाठीमागे ते अजून सापडतं.

ही तार मध्ये कापून तिच्या दोन टोकांना रेडिओ लावले की झाली बिनतारी सिरीयल जोडणी. बाजारात मिळणारी बरीच मॉड्यूल या बाबतीत अगदी सरळ असतात. एका टोकाला जे घालाल ते दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. ते पूर्ण पोचलं का, बिघडलं का, याची काळजी ती करत नाहीत. नवखा माणूस इथेच फसतो. तो फाइल उचलतो आणि थेट पोर्टात ओततो. लॅपटॉप सेकंदाला ९६० अक्षरं देत असतो, रेडिओ हवेत सहा-सातशेच सोडू शकतो. मॉड्यूलची इवलीशी मेमरी भरते आणि पुढची अक्षरं सांडतात. त्यात एखादी मोटरसायकल सुरू होते, कुणी वेल्डिंगचं मशीन लावतं, आणि मधली चार अक्षरं खराब होतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये तेवढ्याने एखादा शब्द चुकीचा दिसेल. झिप फाइलमध्ये एक बिट उलटला तरी ती उघडताना अडते. फोटोचा वरचा अर्धा भाग नीट दिसतो आणि खालच्या अर्ध्यात रंगांचे पट्टे येतात.

हवेतून पाठवलेल्या गोष्टीची खात्री कशी करायची, हा प्रश्न संगणकांसाठी नेटाने सोडवला गेला तो हवाईत.

हवाई विद्यापीठाची शिक्षणकेंद्रं वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली आणि मुख्य संगणक ओआहू बेटावर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रॅमसन हे तिथले प्राध्यापक. सर्फिंगच्या ओढीने हवाईत आलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की तारा वगळून थेट रेडिओवरून टर्मिनल जोडायची. जून १९७१ मध्ये ‘अलोहानेट’ सुरू झालं. वेग होता ९६०० बिट प्रतिसेकंद. टर्मिनल त्यांच्या रेडिओ-डब्याला जोडलेली होती ती याच आरएस-२३२ तारेने. एका पुडक्यात, म्हणजे पॅकेटमध्ये, ८० अक्षरं, म्हणजे टर्मिनलवरची एक पूर्ण ओळ. पत्ता आणि तपासणीचे बिट धरून ७०४ बिट. एक पुडकं हवेत जायला एका सेकंदाचा चौदावा हिस्सा पुरायचा.

अडचण वेगळीच होती. सगळी टर्मिनल एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलणार. दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांचंही बोलणं वाया. पाळ्या लावून द्याव्यात तर ज्याला काही सांगायचंच नाही त्याची पाळीही फुकट जाणार. अब्रॅमसन यांनी पाळ्याच काढून टाकल्या. ज्याला बोलायचंय त्याने सरळ बोलावं. मुख्य केंद्राला पुडकं नीट मिळालं तर ते पोच देईल. पोच आली नाही तर टक्कर झाली असं समजावं, थोडं थांबावं आणि तेच पुन्हा पाठवावं. मेख आहे ती या ‘थोडं’मध्ये. दोघंही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर अटळ. म्हणून प्रत्येकाने किती थांबायचं ते नशिबावर सोडायचं, जणू फासे टाकून ठरवायचं.

या मोकळेपणाची किंमतही त्यांनी हिशेब करून सांगितली. अशा रीतीत रेडिओमार्गाचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच कामी येतो, बाकीचा टकरींत आणि शांततेत जातो. आकडा कमी वाटतो. पण टर्मिनलसमोर बसलेला माणूस विचार करत बराच वेळ गप्पच असतो, आणि एवढ्या कमी बोलणाऱ्यांसाठी १८ टक्के पुष्कळ झाले. मुख्य केंद्रात बसवलेल्या संगणकाला त्यांनी ‘मेनेहुने’ नाव दिलं होतं. हवाईच्या लोककथांत रात्रीतून कामं उरकणारी बुटकी माणसं असतात, त्यांचं हे नाव. अब्रॅमसन यांचा निबंध वाचून रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली. मोबाइल आजही टॉवरला पहिली हाक मारतो ती अलोहाच्याच रीतीने.

फाइलची गोष्ट मात्र पुढे सरकली ती शिकागोत.

वॉर्ड ख्रिस्टेन्सन हे आयबीएममध्ये नोकरीला होते आणि घरी संगणकाचा छंद. १९७७ मध्ये त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून दोन संगणकांत फाइल पाठवण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि कुणालाही वापरायला फुकट देऊन टाकला. त्यातली रीत पुढे एक्समोडेम या नावाने जगभर गेली. पुढच्याच वर्षी, हिमवादळात शिकागो गोठलेलं असताना, त्यांनी आणि रँडी स्यूस यांनी टेलिफोनवरून जोडता येणारा संगणकावरचा पहिला सार्वजनिक सूचनाफलक उभारायला घेतला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये तो सुरू झाला. ख्रिस्टेन्सन ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेतलं नाही, याचं वाईट वाटतं. कारण दोन संगणकांमध्ये फाइल हलवणाऱ्या असंख्य लोकांच्या डोक्यावर त्यांचं ऋण आहे.

एक्समोडेम इतकं साधं आहे की ते कागद-पेन्सिल घेऊन समजावता येतं. फाइलचे १२८ अक्षरांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यापुढे तीन अक्षरं: सुरुवातीची खूण, तुकड्याचा नंबर, आणि तोच नंबर उलटा करून पुन्हा, म्हणजे नंबरच बिघडला तर कळावं. शेवटी एक अक्षर बेरजेचं. सगळी मिळून १३२. घेणारा संगणक आलेल्या १२८ अक्षरांची बेरीज स्वतः करतो आणि शेवटच्या अक्षराशी ताडून पाहतो. जुळली तर पोच देतो. नाही जुळली तर ‘नाही मिळालं’ म्हणतो आणि पाठवणारा तोच तुकडा परत देतो. सगळ्यात सुंदर भाग सुरुवातीचा. पहिला शब्द घेणाऱ्याचा असतो. फाइल सुरू व्हायच्या आधीच तो दर दहा सेकंदांनी ‘नाही मिळालं’ अशी हाक देत राहतो. ती ऐकली की पाठवणारा कामाला लागतो.

त्या काळच्या ३०० बॉडच्या मोडेमवर एक तुकडा जायला साडेचार सेकंद लागायचे. माणसं पडद्यावर तुकड्यांचे वाढणारे आकडे बघत बसत.

बेरजेत एक खोट होती. ‘रमा’ आणि ‘मार’ हे दोन शब्द घ्या. दोन्हींत र, म आणि काना हीच तीन चिन्हं. फक्त क्रम बदललेला. बेरीज करणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसणार. म्हणजे अक्षरांची अदलाबदल झाली तरी बेरीज जुळते आणि चुकीच्या तुकड्याला पोच मिळते. पुढे म्हणून बेरजेच्या जागी सीआरसी नावाची तपासणी आली. तिच्यात अक्षराच्या जागेलाही वजन असतं. त्यामुळे ‘रमा’चा ‘मार’ झाला की ती लगेच पकडते.

मराठी लिहिणाऱ्यांनी इथे आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा. युनिकोडच्या रूढ पद्धतीत इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘नमस्कार’मध्ये न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं आहेत, बाइट झाले एकवीस. वेगवान इंटरनेटवर हे कुणाला जाणवतही नाही. सेकंदाला तीस बाइट नेणाऱ्या रेडिओवर हा एक शब्द दोन तृतीयांश सेकंद खातो. मराठी मजकूर पाठवायच्या आधी झिप केलेला बरा.

हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, हे सगळं पुन्हा हवेत आणलं. १९७८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिऑलच्या हॅमनी रेडिओवरून पुडकी पाठवायला सुरुवात केली. १९८४ मध्ये हॅमच्या पुडक्यांसाठी एएक्स.२५ हे मानक ठरलं. पण हवेत एक नवीच पंचाईत होती. टेलिफोनवर पोच पटकन येते. रेडिओला मात्र बोलणं थांबवून ऐकायच्या बाजूला वळावं लागतं आणि परत बोलायच्या बाजूला. दर १२८ अक्षरांनी ही कोलांटी मारायची तर अर्धा वेळ वळण्यातच जातो. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये केलेल्या झीमोडेमने यावर उतारा दिला. ते पोचेसाठी थांबत नाही, धारेने पाठवत राहतं. चूक झाली तर घेणारा मध्येच हाक देतो आणि पाठवणारा नेमका तिथवर मागे येतो. जोडणी तुटली तर पुढच्या वेळी जिथे थांबलं होतं तिथून सुरू होतं.

या विचाराचं सगळ्यात देखणं रूप आकाशात दिसलं. २२ जानेवारी १९९० रोजी इंग्लंडच्या सरे विद्यापीठाचा यूओसॅट-३ हा लहानसा उपग्रह सोडण्यात आला. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून तो फिरायचा आणि एका ठिकाणाहून एका फेरीत जेमतेम पंधरा मिनिटं दिसायचा. वेग तोच जुना, ९६०० बिट. बर्नार्ड लाउन या हृदयरोगतज्ज्ञांनी उभारलेल्या सॅटेललाइफ या संस्थेने त्याचा उपयोग आफ्रिकेतल्या डॉक्टरांपर्यंत वैद्यकीय माहिती आणि पत्रं पोचवायला केला. तिथे टेलिफोनची तार धड नव्हती, पण छपरावर अँटेना लावता येत होती. उपग्रह डोक्यावर आला की फाइल त्याच्याकडे चढवायची. तो पुढे दुसऱ्या खंडावर गेला की तिथल्यांनी ती उतरवून घ्यायची.

अशा उपग्रहांसाठी हॅम मंडळींनी पोचेची रीत पार उलटी केली. उपग्रह फाइलचे तुकडे सगळ्यांसाठी एकदमच बरसवत राहतो. खालची स्थानकं मिळतील ते तुकडे टिपतात, जागच्या जागी लावतात आणि शेवटी फक्त राहिलेल्या भोकांची यादी वर पाठवतात: अमुकपासून अमुकपर्यंत मिळालं नाही. त्यातही गंमत अशी की एकाने मागितलेला तुकडा हवेतून येतो तेव्हा तो सगळ्यांनाच मिळतो. शेजारच्या देशातल्या स्थानकाचं भोक न मागता बुजतं. एका फेरीत फाइल पुरी झाली नाही तर पुढच्या फेरीत उरलेली भोकं. आजच्या रेडिओवरून कुणाला फाइल पाठवायची असेल तर हीच रीत उचलावी.

दोन टोकांतलं अंतर आणखी वाढलं तर पोच उपयोगाची राहते का? १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोजवळून गेलं. तिथून पृथ्वीवर रेडिओ यायला साडेचार तास. म्हणजे ‘मिळालं नाही’ म्हणायचं आणि तुकडा परत यायचा तर नऊ तास. एवढ्या अंतरावर तुकड्यातुकड्याला पोच देणं शक्य नसतं. म्हणून मजकुरातच जास्तीचे बिट असे गुंफतात की थोडी मोडतोड झाली तरी घेणारा ती स्वतःच दुरुस्त करू शकतो. वेग सेकंदाला एक-दोन हजार बिट. जमवलेली सगळी माहिती उतरवायला पंधरा महिने लागले. शेवटचा तुकडा २५ ऑक्टोबर २०१६ रोजी आला. मोहिमेच्या लोकांनी तरीही यानातले रेकॉर्डर लगेच पुसले नाहीत. आधी सगळं नीट उतरलंय का याची पडताळणी आणि मगच नव्या कामासाठी जागा मोकळी, असं त्यांनी ठरवलं होतं.

आता परत सह्याद्रीत.

सुरुवातीला म्हटलेलं बोटाएवढं मॉड्यूल लोरा जातीचं. ही पद्धत फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीत जन्मली. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. लोराचा रेडिओ एका सुरात बोलत नाही. त्याचं प्रत्येक चिन्ह खालून वर सरकत जाणाऱ्या शिळेसारखं असतं. जत्रेच्या गोंगाटात एखादा शब्द हरवतो, पण चढत जाणारी लांब शीळ कान ओळखतात, तसंच हे. शीळ जितकी लांबवावी तितकी ती दूरवर ओळखू येते आणि तितकाच वेग घटतो. सगळ्यात लांब शिळेला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात, आणि ती आजूबाजूच्या गोंगाटाच्या शंभराव्या हिश्शाइतकी क्षीण असली तरी रिसीव्हर तिला ओळखतो. वेग मात्र सेकंदाला अडीचशे बिटांवर येतो. आखूड शीळ घेतली तर साडेपाच हजार. २०१७ मध्ये एका फुग्यावरून सोडलेला असा २५ मिलिवॅटचा निरोप ७०२ किलोमीटरवर टिपला गेला. फुगा होता जमिनीपासून ३८ किलोमीटर उंच.

या उंचीतच खरं मर्म आहे. बिनतारी जोडणी लागली नाही की माणूस पहिल्यांदा शक्ती वाढवायला धावतो. शक्ती दुप्पट केली तर मोकळ्या हवेत अंतर दीडपटही वाढत नाही. अँटेना वर चढवली तर चित्रच पालटतं. रेडिओला नुसती दिसणारी रेषा पुरत नाही. रेषेभोवती फुगलेल्या भोपळ्यासारखी मोकळी जागा लागते. दहा किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर या भोपळ्याची त्रिज्या २९ मीटर भरते आणि त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी. वर पृथ्वीचा फुगवटा दीड मीटर. म्हणजे सपाट रानात दोन्ही अँटेना १९ मीटर उंच लागणार, आणि मध्ये आंब्याची राई असेल तर तिची उंची वेगळी. देशावरच्या सपाटीला हे जड जातं. घाटमाथ्यावर आणि कोकणात डोंगर ही उंची फुकट देतो. सिंहगड-राजगडाचं गणित जुळतं ते त्यामुळेच. भोपळ्याची त्रिज्या तिथे ३६ मीटर येते आणि खाली शेकडो मीटर खोल दरी पसरलेली आहे.

कायद्याची बाजूही सोपी आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ठराविक शक्तीपर्यंत विनापरवाना खुला आहे. मात्र उपकरण सरकारी मान्यतेचं हवं. हॅमच्या पट्ट्यांत बोलायचं तर परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि तिथे धंद्याचे निरोप किंवा गुप्त लिपीतला मजकूर चालत नाही.

अशा रस्त्याची गरज आणीबाणीत कळते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा वीज गेली आणि मोबाइलचा संपर्कही तुटला. अशा वेळी सिनेमा पाठवायचा नसतो. अडकलेल्या माणसांची यादी, औषधांचा साठा, कुठल्या रस्त्यावर किती पाणी, एवढंच हवं असतं. दोनशे ओळींची मराठी यादी झिप न करता साधारण २४ हजार बाइटांची होते. सगळ्यात सावकाश लोरावरून ती तेरा मिनिटांत जाते आणि वेगवान सेटिंगवर पाऊण मिनिटाच्या आत. मोटरसायकलची बॅटरी त्या मॉड्यूलला पुरून उरते. प्रत्येक तालुक्यात दोन उंच जागा आणि हे काम जमणारी चार माणसं आधीच तयार असणं ही काही फार मोठी मागणी नाही. कॉलेजांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी ती उचलावी. पूर आल्यावर अँटेना कुठे लावायची ते शोधत फिरण्यात अर्थ नाही.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी दोन मॉड्यूल घ्यावीत. आधी एकाच खोलीत, मग गल्लीच्या दोन टोकांना, मग गावाबाहेरच्या टेकडीवरून. पोर्टचा वेग हवेतल्या वेगापेक्षा कमी ठेवा. पहिली फाइल साध्या मजकुराची घ्या, म्हणजे कुठे काय सांडलं ते डोळ्यांना दिसेल. मग एक्समोडेम लावून तीच फाइल पुन्हा पाठवा आणि पडद्यावर तुकड्यांचे आकडे एकेक करून वाढताना बघा. दोन्हीकडच्या फाइलचा सीआरसी आकडा काढून फोनवर एकमेकांना वाचून दाखवा. आणि आकडा जुळल्याचं पलीकडून कळेपर्यंत आपल्याकडची मूळ फाइल पुसू नका.